गारेची सावली

त्या दुपारी ‘आभाळमित्र’च्या पडद्यावर पूर्वेकडचा सगळा तालुका हिरवागार दिसत होता, आणि नेमकं ते पाहूनच डॉ. करुणा नाथेचं डोकं फिरलं होतं.

हिरवा म्हणजे सुरक्षित, हे आता शाळेतली पोरंसुद्धा शिकत. हिरवा असला की मैदानं उघडी, बाजार उघडे, लग्नाचे मांडव उघडे. पिवळा दिसला की सावध व्हायचं. लाल आला की गावोगावच्या खांबांवरचे भोंगे आपोआप वाजत आणि उघड्यावरचा जमाव पांगवावा लागे. तसा कायदाच झाला होता. सावंगा टेकडीवरचा रडार आभाळ पाही, आभाळमित्र नावाची संगणकप्रणाली त्यावरून निर्णय घेई, आणि माणसांनी फक्त रंग बघायचा. चार-पाच वर्षांत वऱ्हाडातल्या लोकांना याची अशी काही सवय लागली होती की, डोक्यावर ढग गडगडला तरी माणसं वर न बघता खिशातला फोन काढत.

करुणा या टेकडीवरच्या केंद्रात वरिष्ठ वैज्ञानिक होती. म्हणजे पगार वैज्ञानिकाचा आणि काम रंग बघण्याचं, असं ती स्वतःच चिडून म्हणायची.

“नाझनीन, इकडे ये. ही कड बघ.”

नाझनीन केंद्राची अभियंता. हातातला चहा तसाच टेबलावर ठेवून ती आली. पडद्यावर टेकडीच्या पूर्वेला, फार लांब नाही, एक जांभळा गोळा उकळत होता. तो गारांचा ढग होता आणि त्याच्याखालच्या जंगलपट्ट्यात आभाळमित्रानं इमानेइतबारे लाल इशारा दिलेला होता. तक्रार त्याच्याबद्दल नव्हती. तक्रार होती ती त्या गोळ्याच्या पाठीमागे पसरलेल्या हिरव्याबद्दल. तो हिरवा पाचरीसारखा होता. गोळ्यापाशी अरुंद, पुढे रुंद होत गेलेला. दोन्ही कडा सुरीनं कलिंगड कापावं तशा सरळ होत्या.

“ढग असा कापलेला असतो का कधी?” करुणा म्हणाली.

“नाही मॅडम. आणि टोक बरोबर आपल्याकडे रोखलंय.” नाझनीननं सुस्कारा सोडला. “सावली आहे ही.”

रडारचं काम तसं साधं असतं. तो आभाळात लहरी सोडतो. वाटेत पावसाचे थेंब लागले की त्यांतला थोडासा अंश परत येतो. प्रतिसाद जितका जोरदार, तितका पाऊस मोठा. पण टेकडीवरचा रडार आखूड लहरींचा होता, जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या. असे रडार लहान असतात, स्वस्त असतात आणि जवळचं फार बारकाईनं बघतात. त्यांची खोड एकच, ते वाटेत दमतात. पावसातून जाताना त्यांची लहर थोडी थोडी खर्ची पडते, आणि गारांतून जाताना तर तिचं दिवाळंच निघतं. त्यातून गार वितळायला लागून तिच्या अंगावर पाण्याचं पातळ साल चढलं की विचारूच नका. ओली गार लहर पिऊन टाकते, उरलेली भलतीकडेच उधळते. पलीकडे जी पोचते ती मरतुकडी, आणि तिचा प्रतिसादही परत येणार त्याच गारांतून. मग पलीकडे केवढंही वादळ उभं असो, रडारला ते रिमझिम वाटतं. कधी कधी तर दिसतच नाही.

यंत्र बांधणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी त्यावर एक तोडही काढलेली होती. पावसाचा मोठा थेंब पडताना खालून दबतो, इडलीसारखा चपटा होतो. रडार एक आडवी आणि एक उभी अशा दोन लहरी सोडतो, आणि चपट्या थेंबांच्या गर्दीतून जाताना आडवी लहर उभीच्या मागे रेंगाळते. ती किती रेंगाळली त्यावरून वाटेत किती खर्च झाला ते यंत्र काढतं आणि तेवढी भर घालून पुढचं चित्र दुरुस्त करतं. पावसात हा हिशेब फक्कड जमतो. पण गार पडते ती कोलांट्या खात. ती कुठल्याच एका बाजूनं चपटी राहत नाही, त्यामुळे दोन्ही लहरी बरोबरीनं चालतात. यंत्राला वाटतं, कोणी रेंगाळलं नाही, म्हणजे काही खर्च झालाच नाही, तर भर कशाची घालू? जिथं चोरी सगळ्यांत मोठी, नेमका तिथंच चौकीदार घोरत पडतो.

याला इलाज होता. दुसरा रडार तालुक्याच्या पूर्व टोकाला, पहिल्याच्या समोर बसवायचा. एकाची सावली दुसऱ्यानं बघायची. करुणानं तसा प्रस्ताव दिला, दुसरा रडार मंजूरही झाला, आणि आला तो याच टेकडीवर. पूर्वेला रस्ता नव्हता, वीज नव्हती, आणि उद्‌घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी विश्रामगृह तर नव्हतंच. एक बिघडला तर दुसरा उपयोगी पडेल, असं कारण कागदावर लिहिलं गेलं. तेव्हापासून दोन्ही रडार एका ओट्यावरच्या जावांसारखे शेजारी शेजारी उभे होते, आणि एकाला जे दिसत नव्हतं ते दुसऱ्यालाही दिसत नव्हतं. शहरातला लांब लहरींचा मोठा रडार गारांना इतका दबत नाही. पण तो दोन वर्षांपासून देखभालीसाठी बंद होता.

आणखी एक गंमत होती. सुरुवातीला आभाळमित्रावर न दिसणारा भाग राखाडी दाखवत. लोक फोन करकरून विचारायला लागले, राखाडी म्हणजे काय करायचं, मांडव ठेवायचा का काढायचा? मग एक बैठक झाली. ‘राखाडी रंगामुळे जनतेत संभ्रम निर्माण होतो’ असं ठरलं आणि ‘जिथं गारपीट आढळली नाही तो भाग हिरवा’ असा सुटसुटीत नियम झाला. करुणा त्या बैठकीत हात वर करून तीनदा बोलली होती. संचालक देवतळे तेव्हा हसून म्हणाले होते, “नाथे मॅडम, तुमचं तर वंशपरंपरेचं काम. तुम्हाला गारा सगळीकडेच दिसणार.”

सगळे हसले होते. करुणाचा आजा गारपगारी होता. जुन्या काळी वऱ्हाडात गावावरची गारपीट वळवायची जबाबदारी गारपगाऱ्याची असे. आभाळ भरून आलं की त्यानं मारुतीपुढे उभं राहून मंत्र म्हणायचे, गारांना दटावून रानात पिटाळायचं, आणि सुगीला घरोघरून धान्य घ्यायचं. गार पडलीच तर मात्र त्या वर्षी धान्य बंद. करुणाला त्या मंत्रांचं काडीचं कौतुक नव्हतं. पण एक गोष्ट तिला राहून राहून चिडवायची. आज्याची गार चुकली की त्याला पोटाला चिमटा बसायचा; आभाळमित्राची चुकली तर त्याचं देखभालीचं कंत्राट पुढच्या वर्षासाठी वाढायचं.

“मॅडम,” नाझनीन हळूच म्हणाली, “पाचरीत बोरखेडी येतंय. आज तिथं...”

“पट आहे,” करुणा म्हणाली. “माहीत आहे.”

बोरखेडी तिचं माहेर. माघातला तिथला शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पंचक्रोशीत नावाजलेला. आणि पट समितीचा अध्यक्ष तिचा धाकटा भाऊ, प्रफुल.

केंद्रात एक लाल कळ होती. यंत्र हिरवं दाखवत असतानाही वैज्ञानिकाला वाटलं तर तो ती दाबून भोंगे वाजवू शके. त्याला ‘मानवी इशारा’ म्हणत. पण असे तीन इशारे खोटे ठरले की त्या माणसाचा हा अधिकार कायमचा जाई. करुणाचे दोन खोटे ठरले होते. त्यांतला दुसरा गेल्या वर्षीचा, बोरखेडीच्याच पटावरचा. ऐन शेवटच्या फेरीत भोंगा वाजला, हजारो लोक पळाले, आणि मैदानावर टिपूसही पडलं नाही. प्रफुलची गावभर शोभा झाली. राखीला तो आला, मनगट पुढे केलं, बहिणीकडे न बघता राखी बांधून घेतली आणि चहा न घेता निघून गेला. ते करुणाला अजून सलत होतं.

तिनं फोन लावला.

“बोल ताई.” मागे लाउडस्पीकर जोड्यांची नावं पुकारत होता आणि माणसं आरोळ्या ठोकत होती.

“प्रफुल, पट थांबव. सगळ्यांना कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये ने. जनावरंसुद्धा.”

लाउडस्पीकरनं पुढच्या जोडीचं नाव पुकारलं.

“पुन्हा?” प्रफुल म्हणाला. “ताई, पुन्हा? मांगच्या साली तुह्या भोंग्यानं माहा पट उधळला. एक गार नाही पडली. लोकं आजूक मले विचारतेत, काहो प्रफुलभाऊ, बहिणीले विचारलं का, मंगच जोडी सोडतो.”

“मागच्या वर्षी पडली होती. मैदानाच्या पलीकडे, जंगलात.”

“जंगलात पडली तं वाघानं गवाही द्याची का? अन् आता तं हिरवा हाये. म्या आत्ताच पाह्यला. हिरवागार.”

“हिरवा म्हणजे तिथं काही नाही असं नाही रे. तिथलं दिसत नाही असं.”

“तुले दिसून राह्यलं का मंग?”

दिसतंय म्हणावं, तर तो लगेच ऐकेल. एवढी वर्षं करुणा यंत्राला ज्यासाठी शिव्या देत होती तेच आता तिला करायचं होतं, न दिसलेलं दिसलं म्हणायचं. तिच्या जिभेवर शब्द आलाही होता.

“नाही,” ती म्हणाली. “मलेही दिसून नाही राह्यलं.” रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली यायची.

“व्वा! मशीनले दिसत नाही, तुले दिसत नाही. मंग कायच्या भरोशावर थांबवू?”

“वर पाह्य नं जरा! आभाळाकडे पाह्य!”

“पाह्यलं. काळं हाये. माघात येतेच थे. पाणी हाये का गार हाये, हे का आभाळावर लिवून रायते?” त्याचा आवाज चढला. “फायनल लागली हाये ताई. लोकं कुठून कुठून जोड्या घेऊन आले. मी नाही थांबवत. तुले भोंगा वाजवाचा असन तं वाजव. मंग मात्र माह्या दारात येऊ नोको.”

त्यानं फोन तसाच खिशात टाकला असावा. कारण फोन चालूच राहिला आणि त्यातून मैदानाचा कल्ला येत राहिला.

करुणानं नाझनीनकडे पाहिलं. नाझनीनला सगळं ऐकू गेलं होतं.

“मॅडम, एक सांगू? गार पडली तरी आपल्या रडारला ती दिसणार नाही. आणि इशारा खरा का खोटा, हे याच रडारवरून ठरवतात.”

“माहीत आहे.”

“म्हणजे तुम्ही बरोबर असलात तरी...”

“माहीत आहे गं!” करुणा ओरडली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. पूर्वी गावोगावचे निरीक्षक गारा मोजून कळवत. मग माणसांच्या नोंदी ‘व्यक्तिनिष्ठ’ ठरल्या आणि पडताळणी यंत्राकडे गेली. ज्याच्यावर संशय, तोच पंच. आज कळ दाबली की अधिकार जाणार, हे जवळजवळ ठरलेलंच होतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या गावावर अशीच सावली पडली तर तिच्या हातात काही उरणार नव्हतं. शिवाय भाऊ तुटणार तो वेगळाच.

फोनमधून एकदम मोठा गलका झाला. एक जोडी सुटली होती. त्या गलक्यात बायका होत्या, पोरं होती; पिपाणी वाजवणारं एखादं लहान पोर अगदी प्रफुलच्या जवळ उभं असावं.

करुणानं कळ दाबली.

आधी फोनमधून भोंगा ऐकू आला. मग गर्दीचा सूर बदलला. हुर्रे थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या. “गारपगारीन कुठली!” असं कोणीतरी अगदी स्पष्ट म्हणालं. कायद्यापुढे प्रफुलचा इलाज नव्हता. थोड्या वेळानं लाउडस्पीकरवर त्याचाच आवाज आला, “चला, शेडमंदी चला समदे. सरकारी हुकूम हाये. माह्या बहिणीची किरपा!” लोक खदाखदा हसले. करुणाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण माणसं हलत होती, पायांचा आवाज येत होता, बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा शेडच्या दिशेनं जात होत्या.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. शेडमध्ये कोणी शिट्टी मारली, कोणी विचारलं, “काहो अध्यक्ष, पेढे कधी वाटता?” प्रफुलचा श्वास तेवढा ऐकू येत होता. करुणा डोळे मिटून बसली होती. पडू दे, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला भयंकर लाज वाटली. आपण बरोबर ठरावं म्हणून गावावर गार मागायची?

पहिला आवाज पत्र्यावर आला. कोणीतरी दगड फेकावा तसा. मग दुसरा. मग मोजायला सवडच मिळाली नाही. सगळा पत्रा एकदम गर्जायला लागला. बाया किंचाळल्या. कोणीतरी ओरडलं, “अबे थे जोडी राह्यली! जुंपलेली जोडी राह्यली भाईर!” आणि प्रफुलचा आवाज आला, “सरका बे!” फोन त्याच्याबरोबर धावला. मग एक दणका, आणि लाइन गेली.

“प्रफुल!” करुणा ओरडली. “प्रफुल!”

समोरच्या पडद्यावर बोरखेडी हिरवंच होतं. आत्ता कानानं ऐकलेली गारपीट आणि डोळ्यांसमोरची ती हिरवळ यांचा मेळ घालता घालता तिला ओरडावंसं वाटत होतं. पाचरीच्या कडा अजून तशाच सरळ होत्या. थोड्या वेळानं जांभळा गोळा विरला, सावली उठली, आणि तोवर पलीकडचं वादळही पुढे सरकून रिकामं झालं होतं. रडारला स्वच्छ दिसू लागलं तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: ‘मानवी इशारा: असत्य. गारपीट नोंद: निरंक.’

नाझनीननं गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. “तुम्ही निघा. इथलं मी बघते.”

ग्रामीण रुग्णालयात प्रफुल खाटेवर बसला होता. डोक्याला पांढरी पट्टी, सदऱ्यावर रक्त. जोडी त्यानं सोडवली होती. बैल सुखरूप होते. बाकी कोणाला खरचटलंही नव्हतं. करुणानं त्याला दारातूनच बघितलं आणि ती भरभर त्याच्याकडे निघाली.

पण खाटेपाशी जाण्याआधी तिला थांबावं लागलं, कारण तिथं एक तरुण डॉक्टर, एक हवालदार आणि एक संगणक यांचा वाद चालला होता.

“मी ‘गारपीट’ असंच भरतोय हो,” डॉक्टर वैतागून सांगत होता. “पण हा घेतच नाही. म्हणतो, त्या ठिकाणी त्या वेळी गारपीट निरंक. मग मी ‘कठीण वस्तूचा आघात’ लिहिलं, तर यानं थेट पोलिसांना कळवलं.”

“आता कळवलं म्हंजे मले चौकशी करनं भाग हाये,” हवालदार म्हणाला. त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं, कारण त्याच्या टोपीला दोन ठिकाणी पोचे आले होते. “तं प्रफुलभाऊ, कोन मारलं?”

“देवानं,” प्रफुल म्हणाला.

“संशयिताचं पूर्न नाव पायजे.”

“अहो, तुम्ही स्वतः होतात ना तिथं!” डॉक्टर म्हणाला.

“मी होतो. पन मी व्यक्तिनिष्ठ हावो.”

करुणाला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. ती खाटेच्या कडेला बसली. प्रफुलनं तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“मशीन म्हणते गार पडलीच नाही,” तो म्हणाला. “टाके पडले, गार नाही पडली.”

“हो.”

“तुह्या इशाऱ्याचं काय झालं?”

“खोटा ठरला. तिसरा. आता कळ बंद.”

त्यानं पट्टीवरून हात फिरवला. मग खालमानेनं म्हणाला, “म्हंजे मांगच्या साली बी असंच झालं असन. जंगलातलं.”

“हो रे.”

“अन् म्या तुह्या घरचा चहा नाही घेतला.”

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी देवतळ्यांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच करुणाला जास्त राग यायचा. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

“सर, तीन-चार हजार माणसांनी गारा बघितल्या. फोटो आहेत.”

“फोटोतली गार कुठली आणि कधीची, हे कसं सिद्ध करणार, मॅडम? पडताळणी वस्तुनिष्ठ हवी.”

“वस्तू माझ्या भावाच्या डोक्यावर आदळली, सर! याहून वस्तुनिष्ठ काय असतं? यंत्राला तिथलं दिसत नव्हतं. ‘दिसत नाही’ एवढं म्हणायची सोय तुम्ही त्याच्यात ठेवलीच नाही. जे दिसत नाही ते नाहीच, असं त्याला शिकवलंत, आणि आता सगळ्या जिल्ह्याला तेच शिकवताय. राखाडी रंग परत आणा. मी दुसरं काही मागत नाही. एक रंग मागतेय.”

देवतळे पेपरवेट फिरवत राहिले. “मला कळतंय हो. पण प्रणालीच मान्य करत नाही, तर मी कोण? आणि राखाडीचा विषय त्या बैठकीत संपलाय. पुन्हा उघडायचा तर पुन्हा बैठक लावावी लागेल.”

“मग लावा.”

“पावसाळ्यानंतर बघू.”

गारा माघ-फाल्गुनात पडतात, पावसाळ्यानंतर नाही, हे सांगायचंही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. ती बाहेर आली, गाडीत बसली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर बडवलं. हॉर्न वाजला. रखवालदार धावत आला, तेव्हा तिनं त्याला हात जोडले.

फाल्गुन लागला तसा उन्हाचा चटका वाढला, आणि एका दुपारी टेकडीच्या पूर्वेला पुन्हा ढग चढले. पडद्यावर जांभळा गोळा उगवला, त्याच्या पाठीमागे हिरवी पाचर उघडली. या वेळी तिच्यात बोरखेडी होतं आणि आणखी चार गावं होती. करुणानं सवयीनं हात पुढे केला. कळ मेलेली होती. तिच्यावर कोणीतरी पांढरी चिकटपट्टी लावून ‘बंद’ असं लिहिलं होतं. नाझनीन मुकाट्यानं वरिष्ठांना फोन लावत होती आणि पलीकडे कोणी उचलत नव्हतं.

करुणा मुठी आवळून पडद्याकडे बघत बसली. एवढं शिकून, एवढी वर्षं घालवून, हातात काय आलं? नुसतं बघणं, आणि तेही धड नाही. बोरखेडीला फोन करावा असं तिच्या मनात आलं. पण सांगायचं काय? गेल्या वेळेसारखंच, मला काही माहीत नाही, पण तुम्ही पळा? कोण ऐकतं ते दोनदा?

तेवढ्यात तिचाच फोन वाजला.

“ताई,” प्रफुल म्हणाला. मागे वारा होता, माणसांची कुजबुज होती. “संत्र्याची तोड चालू हाये. सारं गाव बगिच्यात हाये, लेकरंबाळं धरून. आभाळ भलतं भरलं. मशीनवर हिरवा हाये. तुले काय दिसते?”

“मला काही दिसत नाही, प्रफुल,” ती म्हणाली. “माझी कळही बंद आहे. मी भोंगा वाजवू शकत नाही.”

“थे राहू दे. मी काय इच्यारतो थे सांग. काही नाही म्हणून दिसत नाही, का असून दिसत नाही?”

करुणा खुर्चीत ताठ झाली. हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला ना कुठल्या बैठकीत कोणी विचारला होता, ना कुठल्या यंत्राला पडला होता.

“ते मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “मध्ये गारा आहेत. त्यांच्या पलीकडचं मला दिसतच नाही. नुसतं दिसत नाही, एवढंच खरं आहे.”

“बरं,” प्रफुल म्हणाला. मग त्यानं फोन तोंडापासून दूर धरला असावा, कारण त्याचा आवाज एकदम मोठा आणि लांबून आला.

“टोपले ठेवा खाली! चला, घरात चला समदे! ताईले दिसून नाही राह्यलं!”